कोरडा शिक्का

रसूलभाईंनी पुडी माझ्या हातात दिलीच नाही. मी दार उघडून हात पुढे केला, तर ते मला वळसा घालून आत गेले आणि पुडी त्यांनी सरळ आण्णांच्या मांडीवर ठेवली.

“झाला का?” आण्णांनी विचारलं.

“झाला साहेब. पॅड बी आणलंय. जांभळी शाई, तुमी सांगितली तशीच.”

“काय आहे ते?” मी विचारलं.

माझे वडील तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. रसूलभाई त्याच स्टेशनवरचे जुने हमाल, सत्तरीला आलेले. खोडी करताना सापडलेल्या पोरांसारखे दोघांचे चेहरे झाले होते.

“शिक्का आहे,” शेवटी आण्णा म्हणाले. “रबरी. चित्रांवर मारायचा. प्रत्येकाच्या पाठीवर एक. मला काय दिसत नाही. तुलाच मारायला पाहिजे, आक्का.”

तो बुधवार होता. रविवारी सकाळी पुण्याहून देवस्थळी नावाचे गृहस्थ तीच चित्रं घ्यायला येणार होते, आणि त्यांचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. पत्रात त्यांनी ओळीखाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं: ‘पाठीमागे नाव, शिक्का, डिंक किंवा पेन्सिलीची खूण असलेली चित्रे मी घेत नाही. तसे असल्यास कृपया आधीच कळवावे, म्हणजे उगाच हेलपाटा होणार नाही.’

चित्रं म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चित्रं. युद्धाच्या आधी पाकिटात जाड कागदाचं एक चित्र यायचं, पत्त्यापेक्षा लहान. पुढच्या बाजूला रंगीत पक्षी, आगबोट, घोड्यावरचा शिपाई, नाहीतर सिनेमातली एखादी बाई. मागे दोन-चार ओळींची माहिती. पन्नास चित्रांचा एक संच. आण्णांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, पण फर्स्ट क्लासच्या डब्यातून साहेब लोक उतरले की पोरसवदा रसूलभाई सीटखालची पाकिटं गोळा करून त्यांना आणून द्यायचे. युद्धात कागद महागला, चित्रं बंद झाली, तोवर आण्णांना नाद लागून चुकला होता. मग टपालाने अदलाबदल सुरू झाली. आपल्याकडे जास्तीचं असेल ते पाठवायचं, नसेल ते मागवायचं.

मी बारा वर्षांची झाले तेव्हापासून ही पत्रं मी लिहीत आले. नोंदवह्या मी ठेवल्या. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून एकेक चित्र कोरड्या फडक्याने पुसायचं, कपाटातला कडुनिंबाचा पाला बदलायचा, संचांचे दोरे सैल करून पुन्हा बांधायचे, हे सगळं माझ्याकडे. चार हजार दोनशे चित्रं. मला त्यातलं एकही कधी आवडलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण हवं होतं का, असं विचाराल तर नव्हतं.

त्या वर्षी मी बेचाळीस पूर्ण केली होती. दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं आणि घरी आलं की आण्णांचं करायचं. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले त्याला अकरा वर्षं झाली होती. आई त्याआधीच गेली. धाकटा भाऊ जयपाल पुण्याला, हडपसरला, दोन खोल्यांत. दिवाळीत तो स्वतःहून म्हणाला होता, “आक्का, आता आण्णांना मी नेतो. तू थकलीयस.” ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. मला पुष्कळ काही नको होतं. एक लहानशी खोली भाड्याने घ्यायची आणि संध्याकाळी तिथे जाऊन नुसतं पडायचं, कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी, एवढंच मनात होतं.

पण आण्णा अडून बसले. “चित्रांची सोय लागल्याशिवाय मी इथनं हलायचो नाही,” ते म्हणाले, आणि त्यावर एक शब्द वाढवायला तयार होईनात. जयपालच्या दोन खोल्यांत ते कपाट मावणं शक्य नव्हतं. म्हणून मग आम्ही दोघांनी देवस्थळींना गाठलं. आण्णांना सांगितलं, कुणीतरी जाणकार बघायला येणार आहेत. आण्णांनी मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी रसूलभाईंना बोलावून घेतलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पुडी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. लाकडी मुठीचा, बोटभर लांबीचा शिक्का होता. रबरावरची उलटी अक्षरं मला काही वाचता येईनात. आण्णांचंच नाव असणार, याबद्दल शंका नव्हती. शाई लावून मी वर्तमानपत्राच्या कडेला तो दाबला.

‘कु. त्रिशला आण्णाप्पा उगारे, मिरज.’

मी पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

आमच्या घरात मला सगळे आक्का म्हणत. आई, आण्णा, जयपाल, त्याची बायको, शेजारीपाजारी, रसूलभाईसुद्धा. त्रिशला हे नाव पगाराच्या कागदावर होतं आणि रेशनकार्डावर. ते असं जांभळ्या शाईत समोर बघून माझा राग टाळूला भिडला. मला वाटलं, हा माणूस मेल्यावरसुद्धा मला या कपाटाला बांधून ठेवणार. विकायला गेलं तर कुणी घेणार नाही, आणि नाव माझं, म्हणजे सांभाळायचं मीच. चार हजार दोनशे वेळा शिक्का मारून मी स्वतःच स्वतःला अडकवून घ्यायचं, आणि तेही रजा टाकून.

बाहेर येऊन मी रसूलभाईंना धरलं. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला काय ठावं आक्का? साहेबांनी सांगितलं ते दुकानदाराकडनं लिवून घेतलं. मला कुठं वाचाय येतंय?” एवढं बोलून ते चहासाठीही थांबले नाहीत.

“आण्णा, माझं नाव कशाला?” मी विचारलं.

“असू दे की.”

“असू दे म्हणजे?”

“पार्सल ऑफिसात अडतीस वर्षं काढलीत मी,” आण्णा म्हणाले. “ज्या नगावर मार्का नाही तो बेवारस. मग तो कुणी का उचलंना. उद्यापासनं सुरू करू. रजा टाक.”

सरळ सांगायला हवं होतं. आज वाटतं, त्यांच्या समोर बसून म्हणायला हवं होतं, की आण्णा, शिक्का मारला की ही चित्रं मातीमोल होतात, आणि मी थकलेय, मला सुटायचंय. पण अकरा वर्षांत मी त्यांच्याशी बोलले होते ते गोळी घेतली का, जेवण झालं का, थंडी वाजते का, असलं. एवढं मोठं बोलायची सवयच राहिली नव्हती. आणि भांडायला लागतं ते बळ माझ्यात नव्हतं. खोटं बोलायला त्या मानाने कमी बळ लागतं.

रात्रीची भांडी घासताना मी शिक्का घासलेटने धुतला. मग साबणाने. मग पांढऱ्या रुमालावर दाबून बघितला. काही उमटलं नाही.

गुरुवारी सकाळी आण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले. मी समोर जमिनीवर बसले. उजव्या हाताला शाईचा पॅड उघडा ठेवला, म्हणजे वास येत राहील. त्याला लागून ओल्या फडक्याची घडी ठेवली. शिक्का घडीवर दाबायचा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्यावर टेकवायचा, आणि मग चित्राच्या पाठीवर. घडीवर दाबला की मऊ आवाज यायचा, चित्रावर मारला की टणक. डोळे नसलेल्या माणसाला दोन्ही ऐकू जाणं गरजेचं होतं.

“कुठला संच?” आण्णा विचारायचे.

“पक्षी.”

“हिंदुस्थानातले की विलायती?”

“विलायती.”

“त्यात सत्तावीस नंबर नव्हता, बघ. बेळगावच्या एका मास्तरानं पाठवला. बदल्यात चार आगबोटी घेतल्या माझ्याकडनं, चोरानं. हां, मार.”

मी मारायची. मऊ, टणक. मऊ, टणक.

“उमटलं का नीट?”

“उमटलं.”

“तिरकं जाऊ देऊ नको.”

“नाही जात.”

पहिला संच झाला आणि मी तो बांधायला दोरा घेतला, तर आण्णा खुर्चीत ताठ झाले. “काय करालीस? वाळू दे की आधी! ओल्यावर ओलं ठेवलंस तर एकाची शाई दुसऱ्याच्या तोंडाला लागंल. पसरून ठेव.”

हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग मी पन्नास कोरडी चित्रं जमिनीवर पसरून ठेवली. दुसरा संच झाला, तीही पन्नास. तिसरा. दुपारपर्यंत बाहेरची खोली भरली, मग पलंग, मग स्वयंपाकघरात जायची वाट. चित्रांना शाई नव्हती तरी मी ती वाळत घातली होती, आणि पाय टाकायला जागा शोधत पातेलं घेऊन घरभर नाचत होते. पंखा लावायची सोय नाही, उडतील. खिडकी उघडायची सोय नाही. मार्चचा उकाडा. मध्येच मला हसू फुटलं. आण्णांनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं, एका चित्रात बदक फार मजेशीर आहे.

संध्याकाळी ते उठले आणि काठी बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसले. हाताने चाचपडत त्यांनी एक चित्र उचललं. त्यांनी अंगठा पाठीवरून हलकेच फिरवला, मग बोट नाकाशी नेलं.

“एवढ्यात वाळली?”

“हो.”

“चांगली शाई आहे गं. आमच्या ऑफिसात दोन-दोन तास वाळायची नाही. कुठनं आणली त्यानं?”

“सांगलीहून असेल.”

“सांगलीच्या मालाला तोड नाही,” आण्णा समाधानाने म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. मला त्या शाईची इतकी लाज वाटली की मी उठून भाजी चिरायला घेतली.

शुक्रवार असाच गेला. हात दुखायला लागला, मनगट भरून आलं. खरं तर मला नुसता आवाज काढून चाललं असतं, जमिनीवर शिक्का आपटला असता तरी कळलं नसतं. पण मी एकही चित्र वगळलं नाही. प्रत्येक उचललं, पालथं घातलं, त्याच्यावर तो कोरडा शिक्का मारला. असं का केलं, मला सांगता येत नाही. कदाचित निम्मं खोटं बोलणं मला जमत नव्हतं. आण्णा दिवसभर बोलत होते. कुठलं चित्र कुठून आलं, कुणी फसवलं, कुणाला आपण फसवलं, आई कशावरून भांडली. गेल्या अकरा वर्षांत मिळून बोलले नसतील तेवढं ते त्या दोन दिवसांत बोलले, आणि मी त्यातलं निम्मं ऐकलं नाही. मी रविवारचे तास मोजत होते.

शनिवारी दुपारी जयपाल आला. दारातून आत पाय टाकला आणि ओरडला, “अरे बापरे! हे काय मांडलंय?”

“पाय बघून ठेव,” आण्णा म्हणाले. “शाई ओली आहे.”

जयपालचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. घासलेट, फडकं, सगळं. आधी तो बघतच राहिला, मग तोंडावर हात दाबून भिंतीला टेकून हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आक्का, तू म्हणजे कमाल आहेस! मला वाटलं, गेलं सगळं बाराच्या भावात.” मग त्याने ओट्यावरचं वर्तमानपत्र उचललं. कडेला माझं नाव दोनदा उमटलेलं होतं. त्याने ते वाचलं, आणि हसू जरा मावळलं. “तुझं नाव?”

“हो.”

“त्यांचं नाही? फक्त तुझं?”

“मला काय विचारतोस? त्यांना विचार.”

“नाही, असू दे. मी आपलं म्हटलं.” त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “म्हणजे तसा मीही मुलगाच आहे ना त्यांचा.”

“मग तू सांभाळ,” मी म्हटलं. “आत्ता शाई लावते आणि तुझं नाव घालते हाताने. ने हडपसरला.”

“तू लगेच चिडतेस,” जयपाल म्हणाला, आणि चहा मागितला.

शेवटचा संच संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला झाला. रेल्वे इंजिनांचा होता. आण्णांनी तो मुद्दाम शेवटी ठेवायला सांगितला होता. पन्नासावं चित्र मी मारलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, “झालं. सुटलो.” मला वाटलं, सुटले ते आणि अडकले मी, असं त्यांना म्हणायचं असेल. मी पॅड मिटला आणि शिक्का फळीवर टाकला.

रविवारी सकाळी रसूलभाई रिक्षा घेऊन आले आणि आण्णांना बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, घेऊन गेले. ते मीच जुळवून आणलं होतं. देवस्थळी आण्णांसमोर चित्रं उलटसुलट करून ‘पाठ कोरी आहे’ म्हणाले असते, तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. आण्णा जायला कुरकुर करतील असं वाटलं होतं. पण ते मुकाट्याने निघाले. दाराशी थांबून एवढंच म्हणाले, “त्या माणसाला नीट दाखव. घाई करू नको.”

देवस्थळी बारीक, टापटीप गृहस्थ होते. निवृत्त इंजिनिअर. नाकावर एक चष्मा आणि कपाळावर एक. त्यांनी हात धुऊन पुसले, पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले, आणि टेबलाशी बसून ते एकेक संच सोडायला लागले. पुढची बाजू बघायचे, मग पालथं घालायचे, उजेडात तिरकं धरायचे. मी समोर उभी होते. आदल्या रात्री मला स्वप्न पडलं होतं की घासलेटने शाई पुरती निघाली नाही आणि एका चित्रावर माझ्या नावातलं एक अक्षर राहिलंय.

पाचव्या संचानंतर त्यांनी वरचा चष्मा खाली घेतला. “उगारेबाई, बसा ना.”

मी बसले.

“मी तीस वर्षं या नादात आहे,” ते म्हणाले. “लोक फार हाल करतात हो. कुणी वहीत चिकटवतं, कुणी मागे नातवंडांची नावं लिहितं. परवा एकाने प्लॅस्टिकमध्ये घालून इस्त्री फिरवली. आणि तुमच्याकडे बघा.” त्यांनी एक पक्षी दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला, पाठीची बाजू वर. “पन्नास-साठ वर्षं झाली. डाग नाही, रेघ नाही. याला कुणाचा हातच लागला नाही, असं वाटतं. यापेक्षा मोठी स्तुती आमच्याकडे नाही.”

“हो का,” मी म्हटलं.

बारा वर्षांची होते तेव्हापासून दर पावसाळ्यात ते मी पुसत होते. काल-परवा त्याच पाठीवर मी माझं नाव मारून दाखवलं होतं. मला त्या भल्या माणसाचा विनाकारण राग आला. मी आतून नोंदवह्या आणल्या. सात वह्या होत्या. कुठलं चित्र कधी, कुठून, कशाच्या बदल्यात आलं, सगळं माझ्या अक्षरात, पहिल्या वहीत शाळकरी, मग हळूहळू सुधारत गेलेलं.

“याही घेऊन जा,” मी म्हटलं.

देवस्थळींनी एक वही चाळली. “सुंदर अक्षर आहे. पण राहू द्या तुमच्याकडे. गाडीत वजन होईल आणि पुढे कुणी विचारत नाही हो. चित्र स्वच्छ असलं की झालं.”

साडेदहाला व्यवहार आटोपला. जयपाल त्यांच्याबरोबर ट्रंक घेऊन स्टेशनवर गेला. पुढे दोन वर्षांनी देवस्थळींचं एक पत्र आलं. एवढा संग्रह एकरकमी घेणारा कुणी मिळाला नाही, म्हणून त्यांनी संच सुटे केले. काही मुंबईला गेले, काही परदेशात, आगबोटींचा तर एका दंतवैद्याने फ्रेम करून दवाखान्यात लावला. त्यांनी ते चांगल्या मनाने कळवलं होतं. मी उत्तर पाठवलं नाही.

पण त्या रविवारी मला एवढंच दिसत होतं की कपाट रिकामं झालंय. त्याची दारं उघडी टाकून मी फळ्या पुसल्या. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पाठ दुखत होती आणि भूक लागली होती.

अकराच्या सुमारास रिक्षा वाजली. रसूलभाई आण्णांना हाताला धरून घेऊन आले आणि बाहेर पायरीवर बिडी ओढायला बसले. आण्णा काठी टेकत सरळ कपाटाशी गेले. वरच्या फळीवरून त्यांनी हात फिरवला, मग मधल्या, मग वाकून खालच्या. मी भिंतीला टेकून उभी होते. आता आरडाओरडा होईल, नाहीतर ते रडतील. काय सांगायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं: कुठल्यातरी म्युझियमवाल्यांनी तात्पुरतं नेलंय.

“नेलं होय सगळं?” आण्णा म्हणाले.

“आण्णा, ते काय झालं...”

“गाडी कितीची होती?”

“पावणेअकराची.” माझ्या तोंडून निघून गेलं. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“न कळायला काय झालं? महिनाभर घरात कुजबुज चाललीय. विकायचंच होतं की. हडपसरला काय डोक्यावर घेऊन जाणार?” ते चाचपडत खुर्चीत बसले. “म्हणून तर घाईनं शिक्का करून घेतला. एकदा माल गेला म्हणजे गेला. कुठं उतरतोय, कोण उघडतोय, आपल्याला काय कळतंय? पण मार्का असला की कुठंही गेला तरी कळतंय, हे कुणाच्या हातचं.”

मी कपाटाची उघडी दारं ओढून घेतली.

“माझं नाव घालून काय करायचं होतं?” आण्णा पुढे म्हणाले. “मी नुसतं गोळा केलं. राखलंस तू. तो पेपरवाला आला होता बघ, चौऱ्याहत्तर साली? माझा आणि जयपालचा फोटो आला. जयपालला त्यातलं एक चित्र ओळखता यायचं नाही. तू आत चहा करत होतीस. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. मग राहूनच गेलं.” त्यांनी घसा साफ केला. “चार हजार जागी गेलं आता तुझं नाव. कुणी बघंल, कुणी न बघंल. पण गेलं.”

मी तिथेच जमिनीवर बसले. धावत सुटावं, स्टेशनवर जावं, ट्रंक उघडून एकेक चित्र बाहेर काढावं असं वाटलं, पण गाडी सुटून गेली होती. आणि खरं सांगते, त्या वेळी गाडी समोर उभी असती तरी मी उठले असते की नाही, मला माहीत नाही. मी इतकी दमले होते.

“नाव विचारलं का त्यानं?” आण्णांनी विचारलं.

“कुणी?”

“त्या पुण्याच्या माणसानं. शिक्का बघून काहीतरी म्हणाला असंल की.”

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता. डोळे भलतीकडेच लागले होते, पण तोंडावर एक हसू होतं, लहान मुलाचं असतं तसं, कौतुक ऐकायला टपलेलं.

“विचारलं,” मी म्हटलं.

“काय म्हणाला?”

“म्हणाले, हे नाव कुणाचं?”

“मग?”

“माझं आहे म्हटलं.”

“माझं म्हणून काय कळतंय? पूर्ण सांगायचं. कसं सांगितलंस? ऐकू दे मला.”

मी नाव सांगितलं. त्रिशला आण्णाप्पा उगारे, मिरज. आवाज फुटू नये म्हणून एकेक शब्द सुटा सुटा उच्चारला. प्रत्येक शब्दाला आण्णा मान हलवत होते. सगळं झाल्यावर त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

“हां,” ते म्हणाले. “आता कुठं का जाईना.”

गाडी तोवर सांगली सोडून पुढे गेली असावी. ट्रंकेत चार हजार दोनशे चित्रं होती आणि एकाच्याही पाठीवर काही नव्हतं.